दोन दश्श्या आणि एक घरघंटी

बीडला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "मंदा, गोव्यात तू नेमकं काय करत होतीस?"

"पत्ते वाटत होते."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आन् पगार?"

"दर महिन्याला."

काकूंनी चहाची बशी खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आमचे हे तर जलमभर फुकटच वाटत्यात की गं."

नवरा गोव्यात हॉटेलात आचारी होता म्हणून मी तिकडे गेले आणि नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर पोकरच्या टेबलावर डीलर झाले. माहेरच्यांनी इकडे सगळ्यांना 'मंदा हॉटेलात रिसेप्शनला आहे' असं सांगून ठेवलं होतं. मला त्याचा राग नाही. रिसेप्शनिस्ट बाईलाही दिवसभर हसरं तोंड करून बसावं लागतं. फरक एवढाच, की मला हसरंही चालत नसे आणि रडकंही. समोरचा जिंको, हरो, शिव्या देवो, डीलरचं तोंड पाटीसारखं कोरं हवं. ही विद्या मला पुढे नणंदांच्या बाबतीत फार उपयोगी पडली.

संपादकांनी 'जरा गमतीजमती लिहा' म्हणून सांगितलंय, पण गंमत कळायला खेळ थोडा कळावा लागतो. तीनपत्ती ज्यांना येते, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक सज्जनांना, त्यांना हे सोपं आहे. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये पाच पत्ते हळूहळू सगळ्यांसाठी उघडे होतात. त्या सातांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी सर्वांत भारी, तो जिंकला. मधल्या मधल्या टप्प्यांवर बोली लागते. पटलं तर चिप्स, म्हणजे पैशाऐवजीच्या चकत्या, घाला, नाही तर पॅक करा, म्हणजे पत्ते टाकून द्या.

स्पर्धेची तऱ्हा मात्र निराळी. तिथे सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स मिळतात. संपल्या की उठायचं. शेवटपर्यंत टिकेल तो पहिला आणि त्याच्या आधीचे थोडे जण बक्षिसाचे धनी. बाकीच्यांनी घरी जाऊन काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि नुसतं हात बांधून बसता येत नाही, कारण प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीने चिप्स घालाव्या लागतात, एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्ध्या. ही पाळी सगळ्यांवर फिरत येते. मी तिला वर्गणी म्हणते. गणपतीची वर्गणी जशी दर वर्षी वाढते, तशी ही दर थोड्या वेळाने वाढते. तुम्ही काही केलं नाहीत तरी तुमचा ढीग झिजत जातो.

आता कल्पना करा, चार बक्षिसं आहेत आणि पाच माणसं उरलीत. म्हणजे अजून एकच जण पडायचा आहे. ह्या जागेला बोटीवर 'बबल' म्हणत. मी उंबरठा म्हणते, कारण ठेच तिथेच लागते. ज्याच्याकडे चिप्सचा डोंगर आहे त्याला काही वाटत नाही. ज्याच्याकडे मूठभर उरल्यात, त्याची खरी परीक्षा. दुसरा कोणी पडेल म्हणून वाट बघत बसावं, तर वर्गणी खात जाते. सगळं पुढे ढकलावं, तर आपणच पडायचे. मी माझी सगळी नोकरी ह्या एका क्षणाची तोंडं बघण्यात घालवली. माणूस देवळात जेवढा खरा दिसत नाही तेवढा तिथे दिसतो.

एक डॉक्टर यायचे. नामांकित, हात अगदी स्थिर, लोकांची पोटं उघडणारे. उंबरठ्यावर त्यांच्याकडे दोन-तीन चिप्स उरल्या की ते उठून स्वच्छतागृहात जाऊन बसत. गैरहजर माणसाचे पत्ते आम्ही वाटतो आणि पॅक करतो, त्यामुळे त्यांना निर्णयच घ्यावा लागत नसे. एकदा ते आत असतानाच बाहेर एकाच डावात दोघे धडाधड पडले आणि डॉक्टर बक्षिसात आले. मी माणूस पाठवून त्यांना बाहेर बोलावलं. तोंड पुसत आले आणि मला म्हणाले, "बघा, याला म्हणतात संयम!" माझं तोंड पाटीसारखं कोरं.

तर अशी नोकरी करून नवऱ्याच्या निवृत्तीनंतर मी बीडला आले. पत्त्यांचा आणि आपला संबंध संपला असं वाटलं होतं. पण आमच्या भागातल्या एका मंडळाची दिवाळीत रमीची स्पर्धा असते. मोबाईलवर पोकर बघून बसलेल्या पोरांनी ह्या वेळी हट्ट धरला, पोकरच पाहिजे. मंडळाने अटी घातल्या. प्रवेश फी नाही, पैशाचा व्यवहार नाही, बक्षिसं दुकानदारांनी दिलेली, आणि पंच म्हणून गोव्याची बाई. अशा रीतीने रिसेप्शनचं भांडं भर सभेत फुटलं. माझा भाऊ दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी पडला, तो स्पर्धेत नाव नोंदवायला. पंचाचा भाऊ म्हणून मी त्याचं नाव घेतलं नाही, त्याबद्दल तो अजून घुश्शात आहे.

पहिला प्रश्न चिप्सचा. कोणीतरी चिंचोके सुचवले. मी म्हटलं, बाबांनो, चिंचोका म्हणजे असं चलन, की ज्याची टांकसाळ प्रत्येकाच्या फडताळात आहे. शेवटी शिंप्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून एका जातीची निळी आणि लाल बटणं आणली. आठवडाभर मी मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळ्यांना खेळ शिकवला. घसा फोडून एक गोष्ट सांगितली, की बटणं थोडी उरली की दोनच रस्ते. बसा, नाही तर सगळं ढकला. एक बटण इकडे, दोन तिकडे असं चिल्लर करत बसलात तर भिकेला लागाल.

हे सर्वांत मन लावून ऐकणारा माणूस म्हणजे रशीदभाई. बसस्टँडजवळ त्यांचा फळांचा गाडा. साठीचे, किडकिडीत, आणि केळी मोजताना एक केळ जास्त देऊन 'गिनतीत चुकलो' म्हणणारे. त्यांना पहिलं बक्षीस नको होतं. फ्रिज होता तो, दुसरा टीव्ही, तिसरा कूलर. रशीदभाईंची नजर चौथ्यावर, म्हणजे शेवटच्या बक्षिसावर होती. घरघंटी. घरातल्या घरात दळण काढायची छोटी गिरणी.

त्याचं कारण शकीलाभाभी, रशीदभाईंची बायको. त्यांच्या मोहल्ल्यातली गिरणी बंद पडली होती आणि भाभींना दळणाचे डबे घेऊन पार मोठा रस्ता ओलांडून जावं लागे. त्यांचे गुडघे काही आता डब्याचे राहिले नव्हते. शिवाय त्यांनी पुढचा बेतही केला होता. मला एकदा संत्री निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, गिरणी घरात आली की मोहल्ल्याचं दळण मी काढणार. आजवर ह्यांच्या गाड्यावर खाल्लं. थोडं माझ्या हातचं असू द्या की." हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला, की मी एक संत्रं उगाचच तीनदा निवडलं.

स्पर्धा रविवारी सकाळी सुरू झाली. हळूहळू माणसं उठत गेली आणि दुपारनंतर एकच टेबल उरलं. त्यावरची दोन माणसं सांगायलाच हवीत.

एक आबा. पालीकडे बिंदुसरा धरणाच्या अंगाला बागायत, राजकारणात वजन, आणि ज्या लग्नाला आबा आले नाहीत ते लग्न लागलं की नाही अशी लोकांना शंका. आबांना खेळ धड येत नव्हता. पण त्यांच्यासमोर बटणांचा डोंगर होता, कारण आबांनी बटणं पुढे सरकवली की बाकीचे आपले पत्ते नीट न बघताच पॅक. हरायची भीती नव्हती हो त्यात. आबांना हरवून उद्या तोंड कसं दाखवायचं, ही भीती! डोंगरवाल्याने सगळ्यांना असं दाबायचं ही कला बोटीवर लोक वर्षानुवर्षं घासून शिकत. आबांना ती जन्मजात येत होती आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. "आज पत्ते लई साथ देऊ लागले बे," असं म्हणून ते दर वेळी चकित व्हायचे.

दुसरे जोगदंड सर. कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात. बायको दूरच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सर भाड्याच्या खोलीत एकटे आणि जेवण मेसचं. बटणं थोडी, पण डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आकडेमोड चालू.

सहा जण उरले असताना रशीदभाई हळूच उठले. "ताई, असरची नमाज पढून येतो. चालतंय ना?"

"चालतं. पत्ते वाटले जातील आणि पॅक होतील."

"होऊ द्या. तिकडचा टाइम बदलत न्हाई."

ते मशिदीतून परत येईपर्यंत इकडे सहावा पडला होता. मला डॉक्टरांची आठवण झाली. फरक एवढाच, की हा माणूस लपायला गेला नव्हता.

आता पाच उरले. आबा, सर, रशीदभाई, आणि एक मेडिकलवाला व एक सराफ, ज्यांच्याकडे बऱ्यापैकी बटणं होती आणि जे शहाण्यासारखे गप्प बसून होते. सगळ्यांत कमी बटणं रशीदभाईंकडे, त्याहून थोडी जास्त सरांकडे. हॉल गच्च भरला होता. शकीलाभाभी पुढच्याच रांगेत. त्यांच्या पायाशी गव्हाची पिशवी होती. गिरणीचं उद्घाटन करायला निवडून, पाखडून आणलेले गहू! मी म्हटलं, "भाभी, जरा घाई होत नाही का?" तर म्हणाल्या, "घाई कशाची? नंतर कोण निवडत बसतंय?"

त्या डावात पूर्ण वर्गणी रशीदभाईंची होती. बोलायची पहिली पाळी आबांची. आबांनी सवयीप्रमाणे अख्खा डोंगर पुढे लोटला. मेडिकलवाला पॅक. सराफ पॅक. सरांनी डोळे मिटले, उघडले आणि आपली सगळी बटणं पुढे ठेवली. राहिले रशीदभाई.

त्यांनी पत्त्यांचा कोपरा उचलून बघितला. आत दोन दश्श्या होत्या. अर्थात हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी कपाळावरचा घाम बघून एवढं कळलं, की पत्ते चांगले आहेत. चांगले पत्ते आले की उंबरठ्यावरच्या माणसाचे हाल होतात. भिकार पत्ते सुखाने टाकता येतात.

"लाव बे रशीद!" मागून कोणी ओरडलं. "बटणं कमी पडली तर शर्टाची लाव!" हॉल हसला. आपल्याकडे पॅक करणं म्हणजे शेपूट घालणं. तीनपत्तीत वाढलेल्या गावात माणूस पत्त्याने नाही, लोकांच्या आवाजाने खेळतो.

रशीदभाईंनी एकदा आबांच्या डोंगराकडे पाहिलं, एकदा सरांच्या ढिगाकडे, आणि पत्ते पालथे माझ्याकडे सरकवले. "पॅक."

हॉलभर हुर्यो झाली. पण मला विचाराल तर मला त्या किडकिडीत माणसाचा अभिमान वाटला. दोघे आधीच भिडलेत, त्यांत सर पडले तर घरघंटी बसल्या जागी मिळते. मग आपण कशाला मध्ये पडायचं? सर नंतर म्हणाले, की गणिताने लावायलाही हरकत नव्हती. बोटीवर ह्याच प्रश्नावर मित्रांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. पण रशीदभाई गणिताने नाही, भाभींच्या गुडघ्यांनी खेळत होते.

मी मधले पत्ते उघडले. दुसराच पत्ता दश्शी! रशीदभाई राहिले असते तर तीन दश्श्यांनी सगळं ओढून घेतलं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी सरांना राणीची जोडी लागली, सर वाचले आणि त्यांचा ढीग दुपटीहून वाढला. रशीदभाईंपुढे तीन बटणं.

"कावून टाकले?" भाभींचा आवाज आला. "काय होतं हातात?"

"काय नव्हतं," रशीदभाई म्हणाले. इतक्या वर्षांत मी टेबलावर बऱ्याच थापा ऐकल्या, त्यांत ही सगळ्यांत गोड.

पुढच्या डावात अर्धी वर्गणी रशीदभाईंची. त्यांची तिन्ही बटणं त्यातच गेली. आता निर्णय उरलाच नव्हता, जे पत्ते येतील ते. पूर्ण वर्गणी आबांची होती, ती त्यांनी घातली होती. बाकीचे तिघे पॅक झाले. म्हणजे आता आबा विरुद्ध रशीदभाई, आणि आबांना एक बटणही जास्त घालायचं नव्हतं. दोघांनी फक्त पत्ते उघडायचे.

आबांनी हॉलकडे बघितलं. भाभींच्या पायाशी असलेल्या पिशवीकडे बघितलं. आणि आपले दोन पत्ते पालथेच माझ्याकडे टाकले. "जाऊ द्या. पॅक!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! कोणी शिट्टी वाजवली. भाभींचे हात आपोआप वर गेले, दुवा मागायला. माझा हात त्या दोन पत्त्यांवर होता. ते ढिगात मिसळायचे, एवढंच काम. सगळा हॉल खूश होता आणि मलाही, खरं सांगते, घरघंटी त्याच घरात जावी असंच वाटत होतं. पण एकाची सगळी बटणं मध्ये असताना दुसऱ्याला पत्ते झाकून ठेवता येत नाहीत. असं सोडून देणं चालू लागलं तर खेळ कशाला, आबांनीच चार नावं चिठ्ठीवर लिहून द्यावीत. माझ्या हाताला ते कळत होतं, पण हात हलत नव्हता.

तेवढ्यात रशीदभाईंनी आपला हात आबांच्या पत्त्यांपुढे आडवा धरला.

"आबा, उचला ते. उघडा."

"आरं बे, मी माझे पत्ते टाकतोय. तुला काय त्रास हाय?"

"तुमचा मान ठेवून बोलतो. हरलो तर माझं नशीब. पण मेहेरबानीची गिरणी घरात न्हाई फिरायची. जो येईल तो विचारंल, कुणी दिली?"

आबांना असं कोणी कधी बोललं नसावं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बाई, तुमचा नियम काय म्हणतोय?"

पाटीसारखं कोरं तोंड करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. म्हटलं, "आबा, नियम रशीदभाई म्हणतात तोच आहे."

आणि मी आबांचे पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री! अख्ख्या खेळातले सगळ्यांत भिकार पत्ते. रशीदभाईंकडे राजा आणि नव्वी. हॉलमध्ये हुश्श झालं. भाभी तर हसायलाच लागल्या. मीही मनात म्हटलं, चला, देवाला काळजी आहे.

एक, दोन, तीन, चार पत्ते उघडले. कोणाचं काही जुळलं नाही. राजा पुढे. शेवटचा पत्ता मी काढला.

बदामाची दुर्री.

सगळ्यांत आधी आबा ओरडले, जवळजवळ रडकुंडीला येऊन. "मी टाकलतो ना बे! मी तर टाकलतो!"

रशीदभाई उठले. आबांशी हात मिळवला, मला "शुक्रिया, ताई" म्हणाले आणि शर्ट नीट केला. भाभी जागेवरच बसून होत्या. मग त्यांनी पिशवीकडे बोट केलं. "उचला. माझ्याच्यानं न्हाई उचलत आता." दोघे गर्दीतून बाहेर गेले. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. पत्ता माझ्या बोटांनी काढला होता. बोटीवर लोकांचे फ्लॅट जाताना पाहिले, तेव्हा मला भूक लागायची.

पुढे थोड्याच वेळात सर आबांच्या डोंगराखाली सापडून चौथे आले आणि घरघंटी मेसमध्ये जेवणाऱ्या माणसाला मिळाली. आबा पहिले.

दुसऱ्या दिवशी आबांनी ड्रायव्हरबरोबर एक कोरी करकरीत गिरणी रशीदभाईंच्या दारात पाठवली. ती परत गेली, पण रिकामी नाही. वर टोपलीभर सीताफळं होती, गाड्यावरची निवडक, म्हणजे आबांचाही मान राहावा. सर जाऊन म्हणाले, "भाभी, माझी घेऊन जा. मी तिच्यावर पुस्तकं ठेवतोय." तीही नाही घेतली. भाभी माझ्याशी मात्र बोलेनात. मी गाड्यावर गेले की त्या पपईशी बोलत.

बरेच दिवस गेले. एका सकाळी सरांच्या गल्लीतून जाताना घरघर ऐकू आली. बघते तर सरांच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर गिरणी चालू, भाभी स्टुलावर बसलेल्या, भुवया पिठाने पांढऱ्या आणि समोर बायकांची रांग. भाभींनीच सरांपुढे बोली ठेवली होती. गिरणी तुमची, ओटा तुमचा, मेहनत माझी, येईल ते निम्मं निम्मं. शिवाय भाकरी घरून येईल, मेस बंद करा. सर आधी संकोचले, मग पहिल्याच भाकरीला मान्य झाले.

मी घरी आले, डब्यात ज्वारी भरली आणि परत गेले. रांगेतल्या बायका ओळखीच्या. एक म्हणाली, "ताईला पुढं घ्या की, गोव्याच्या पंच हायेत त्या." मीही दोन पावलं पुढे सरकले. तेवढ्या दिवसांनी भाभींनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं.

"नंबर लावा, ताई," त्या म्हणाल्या. "हितं कुणाला सूट न्हाई."

आणि हसल्या. मी डबा उचलून निमूटपणे रांगेच्या टोकाला गेले. माझ्या पुढे आबांचा ड्रायव्हर दोन डबे घेऊन उभा होता.